पितळेच्या कूलिंग कर्व्हवर लाटा येऊन राहिल्या, कोणी सांगेल काहून?

हिंगणारोडची_मॅडम

नमस्कार. नागपुरात एका खाजगी पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकलला शिकवते, हीट ट्रान्सफरची लॅब माझ्याकडे आहे. इलेक्ट्रॉनिक्स माझा विषय नाही हे आधीच सांगून ठेवते, उत्तरं त्या हिशोबानं द्या.

प्रॅक्टिकल साधं आहे. २५ मिलिमीटर व्यासाचा, १०० मिलिमीटर लांबीचा पितळेचा दांडा, मधोमध भोक पाडून थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमान-सेन्सर) खोचलेलं. उकळत्या पाण्यात गरम करायचा, मग एकदा हवेत थंड करायचा आणि एकदा गार पाण्यात. हवेत टाइम कॉन्स्टंट (तापमानातला फरक साधारण ६३ टक्के उतरायला लागणारा वेळ) अर्ध्या तासाच्या आसपास येतो, पाण्यात अर्धा-पाऊण मिनिट. आतापर्यंत एक पोरगा घड्याळ धरून "हां, बोल" म्हणायचा आणि दुसरा इंडिकेटरवरचा आकडा लिहायचा, दर ३० सेकंदांनी. हवेत ते चालून जातं. पाण्यात मात्र तीन रीडिंग होईतो दांडा गार. उरलेला कर्व्ह पोरं मागच्या बॅचच्या जर्नलमधून आणतात. मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे.

म्हणून यंदा ठरवलं की रीडिंग कॉम्प्युटरवर घ्यायची. डेटा ॲक्विझिशन कार्डाचा (सेन्सरची रीडिंग कॉम्प्युटरला देणारं तयार उपकरण) प्रस्ताव दोनदा वर गेला, दोनदा खाली आला. शेवटी आमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सरांनी जुगाड करून दिला: के टाइप थर्मोकपल, त्याला ओपी-०७ चिपचा ॲम्प्लिफायर, गेन २४४ (सिग्नल २४४ पट), म्हणजे अंशाला साधारण १० मिलिव्होल्ट. टर्मिनलपाशी खोलीचं तापमान घ्यायला एलएम-३५ हा सेन्सर. हे सगळं अर्डुइनो उनोत (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, बर्डीच्या बाजारातून आणलेला, ओरिजिनल नाही), दोन रीडिंगमध्ये १०० मिलिसेकंदांचा डिले, यूएसबीनं लॅपटॉपला, आणि पायथनमध्ये ग्राफ. ग्राफ पडद्यावर पहिल्यांदा सरकला तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगते, मीही.

आता रडगाणं. कर्व्ह खाली येतो तो लाटा घेत येतो. वर-खाली सुमारे ३ अंश, छान गुळगुळीत लाट, कोणी कंपासनं काढावी तशी. एक लाट पुरी व्हायला साधारण १० सेकंद. "साधारण" म्हणते कारण सकाळच्या बॅचला ती ७ सेकंदांची होती आणि दुपारच्या बॅचला चक्क २०. मी काय काय केलं ते सांगते:

थर्मोकपल बदललं, लाट तशीच. कूलर बंद केला, पंखे बंद केले (एप्रिल आहे, पोरांनी मनातल्या मनात काय म्हटलं असेल ते म्हटलं), लाट तशीच. थर्मोकपल बर्फाच्या पाण्यात टाकलं, तिथंही लाट! म्हणजे पितळेचा काही दोष नाही. डिपार्टमेंटमधला दुसरा, ओरिजिनल बोर्ड लावला तर लाट ३ सेकंदांची झाली. इथं माझी अक्कल संपली.

पोरं एक्सेलमध्ये २०-२० रीडिंगची सरासरी काढून पाहतात, लाट जात नाही. वरून सल्ला आला की "स्मूथ करून टाका, एक्स्टर्नलला कोण विचारतंय." मला तसं करायचं नाही. नेमकं बिघडलंय काय?

कार्डच_घ्या

मॅडम, यात वेळ घालवू नका. अर्डुइनो हे खेळणं आहे. एनआय (नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स) कंपनीचं यूएसबी-६००९ कार्ड आणि त्यांचं लॅबव्ह्यू सॉफ्टवेअर घ्या, अर्ध्या तासात काम होतं. लॅबव्ह्यूची कम्युनिटी आवृत्ती फुकट मिळते, २०२० पासून.

बॅकबेंचर_७

मॅडम, २० च्या जागी १०० रीडिंगची मूव्हिंग ॲव्हरेज (सरकती सरासरी) लावा. आम्ही प्रोजेक्टमध्ये तेच केलं होतं. गाइडना आवडलं.

हिंगणारोडची_मॅडम

@बॅकबेंचर_७ लावून पाहिली रे. हवेतला कर्व्ह सरळ झाला. पण १०० रीडिंग म्हणजे १० सेकंद, आणि पाण्यात दांड्याचा टाइम कॉन्स्टंटच ३५-४० सेकंदांचा. सुरुवातीचा कोपरा पार गोल होऊन गेला. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तेच पुसलं गेलं.

@कार्डच_घ्या तुमच्याकडे प्रस्ताव पास करणारं कोणी असेल तर त्यांचा नंबर द्या.

जुना_सीअँडआय

मॅडम, मी नागपूरजवळच्या एका वीज केंद्रात कंट्रोल अँड इन्स्ट्रुमेंटेशनला होतो, आता घरी बसून नातवाला सायकल शिकवतो. तुमची पोस्ट वाचून चहा थंड झाला. लाट सकाळी ७, दुपारी २०, एरवी १०, हे तुम्ही लिहून ठेवलं म्हणून उत्तर देता येऊन राहिलं. नुसतं "नॉइज येतो" लिहिलं असतं तर मी पुढच्या पानावर गेलो असतो.

तुमचं थर्मोकपल ठीक आहे. लाट तापमानाची नाहीच. ती भिंतीतल्या विजेची आहे.

थर्मोकपलच्या तारा मिलिव्होल्टच्या. के टाइपला एका अंशाला ४१ मायक्रोव्होल्ट मिळतात फक्त. त्या तारांवर ५० हर्ट्झची वीज थोडीशी जरी चढली, तरी २४४ पट होऊन ती बोर्डात शिरते. ती सेकंदाला ५० वेळा वर-खाली होते, २० मिलिसेकंदांत एक फेरा. तुम्ही दर १०० मिलिसेकंदांनी एक नजर टाकता. म्हणजे दोन नजरांच्या मध्ये बरोबर ५ फेरे. प्रत्येक वेळी ती त्याच जागी दिसली असती, सरळ रेष आली असती, आणि तुम्हाला कळलंही नसतं की रीडिंग चुकीचं आहे.

पण तुमचा लूप नेमका १०० चा नाही. डिले १०० चा, वर वाचायला आणि छापायला लागणारा वेळ. तो ०.२ मिलिसेकंद धरा. ०.२ म्हणजे २० चा शंभरावा भाग. दर नजरेला वीज शंभरावा भाग पुढे गेलेली दिसते. १०० रीडिंगमध्ये एक फेरा पुरा. १०० गुणिले ०.१ सेकंद, झाले १० सेकंद. भिंतीवरच्या घड्याळाकडे बारा तास पाच मिनिटांनी एकदाच पाहत जा, तुम्हाला वाटेल मोठा काटा दर खेपेला पाचच मिनिटं सरकतो. तसंच आहे हे. पुस्तकात याला अलायसिंग म्हणतात.

आता सकाळ-दुपारचं. आमची जिंदगी फ्रिक्वेन्सी मीटरकडे पाहण्यात गेली. ग्रिड ५० वर खिळा ठोकून बसवलेलं नसतं; ४९.९० ते ५०.०५ चा पट्टा ठरलेला आहे आणि मागणी-पुरवठ्याप्रमाणे आकडा त्यात फिरत राहतो. १००.२ मिलिसेकंदांचा लूप धरून हिशोब करा: फ्रिक्वेन्सी ५०.०५ झाली की लाट ६.७ सेकंदांची, ४९.९५ झाली की २० ची. तुमच्या ७ आणि २० शी जुळतं की नाही? तुमच्या लॅबमध्ये नकळत फ्रिक्वेन्सी मीटर तयार झालंय.

बोर्ड बदलल्यावर ३ सेकंद का, त्याचंही कारण आहे. ओरिजिनल उनोमध्ये मुख्य चिपचं घड्याळ सिरॅमिक रेझोनेटरवर चालतं, ते अर्धा टक्काही इकडे-तिकडे असू शकतं. अर्धा टक्का म्हणजे १०० मिलिसेकंदांत आणखी ०.५. बेरीज ०.७, लाट तीनेक सेकंदांची.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, तपासून पाहा. डिले १०० चा ९० करा. तापमानाला तुमच्या डिलेशी काय घेणं-देणं? ते तसंच राहायला पाहिजे. माझं म्हणणं खरं असेल तर गुळगुळीत लाट जाईल आणि दर रीडिंगला वर-खाली, वर-खाली असे कंगव्याचे दात दिसतील. दुसरं, लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा.

उपाय नंतर लिहितो, नातू हाक मारून राहिला.

हिंगणारोडची_मॅडम

काकाजी, कंगवा आला. हुबेहूब कंगवा! आणि चार्जर काढल्यावर लाट तीनवरून अर्ध्या अंशावर. लॅबमध्ये जी पोरं होती त्यांना मी तुमची पोस्ट मोठ्यानं वाचून दाखवली. घड्याळाचं उदाहरण एकाला पटेना, तर त्यानं मोबाइलमध्ये खरंच आकडेमोड करून पाहिली.

पण एक शंका. जुन्या डिजिटल इंडिकेटरला हीच वीज चढत असेल ना? हेच थर्मोकपल, हीच खोली. त्यावर आकडा कधी हलला नाही.

जुना_सीअँडआय

हाच प्रश्न यायची वाट पाहत होतो. इंडिकेटरचा डबा उघडून पाहा, बहुतेक आत ७१०७ किंवा तिच्या भावकीतली चिप निघेल. ती ड्युअल स्लोप पद्धतीची. एका क्षणाला नजर टाकत नाही, ठरलेल्या काळभर व्होल्टेज साठवत जाते, आणि तो काळ २० मिलिसेकंदांच्या पटीत बसवलेला असतो. पुऱ्या फेऱ्यात वीज जितकी वर जाते तितकीच खाली येते, बेरीज शून्य. त्या डब्यानं वर्षानुवर्षं हे काम गुपचूप केलं आणि कोणाला सांगितलं नाही. उनो क्षणाचा फोटो काढतो. त्याला हे आपण सांगावं लागतं.

तर सांगा: दर रीडिंगला एक वाचन घेण्याऐवजी अर्ध्या-अर्ध्या मिलिसेकंदानं ४० वाचनं घ्या, म्हणजे बरोबर २० मिलिसेकंद, आणि त्यांची सरासरी हे एक रीडिंग. एका वाचनाला उनोला ०.१ च्या थोडं वर लागतं, आरामात बसतं. पोरांची एक्सेलमधली सरासरी यासाठीच फसत होती, लाट नोंदली गेल्यावर ती काढायला गेले ते. शिवाय ॲम्प्लिफायरच्या पुढे १० किलोओहम आणि १० मायक्रोफॅरडचा फिल्टर टाका, ५० हर्ट्झ तीसेक पट कमी होईल. त्याचा टाइम कॉन्स्टंट ०.१ सेकंद, तुमच्या पितळेला तो जाणवणारही नाही. थर्मोकपलच्या दोन तारांना पीळ घाला. शील्ड (तारांवरची धातूची जाळी) असेल तर एकाच टोकाला अर्थिंग करा. दोन्ही टोकांना केलं तर सगळं मुसळ केरात.

@कार्डच_घ्या भाऊ, कार्ड चांगलंच आहे, नाही म्हणत नाही. पण ६००९ ला आत अँटी-अलायसिंग फिल्टर (जास्त फ्रिक्वेन्सी आधीच अडवणारा) नसतो. सेकंदाला १० वेळा वाचलं तर हीच लाट त्यातही येईल, फक्त महाग येईल. आणि थर्मोकपल सरळ लावलं तर? सगळ्यात लहान रेंज अधिक-उणे १ व्होल्ट, १४ बिट, म्हणजे एक पायरी १२२ मायक्रोव्होल्टची. के टाइपला ३ अंश! ॲम्प्लिफायर तिथंही लागणार.

कार्डच_घ्या

मान्य. पण वॉरंटी असते, मॅन्युअल असतं, सर बदलून गेले तरी पुढच्याला चालवता येतं. जुगाड करणाऱ्याची बदली झाली की जुगाडही कपाटात जातो, हे तुम्हीही पाहिलं असेल.

भौतिकवाला_सर

@कार्डच_घ्या यांचं शेवटचं वाक्य कडू आहे पण खरं आहे. मधला रस्ता पाहिजे असेल तर एक्सपाईज नावाचं प्रयोगाचं उपकरण पाहा. दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमधल्या फिनिक्स प्रकल्पातून आलंय, आराखडे खुले, पायथनवर चालतं. आमच्या बी.एस्सी.च्या लॅबमध्ये आहे. लॅबव्ह्यूच्या फुकट आवृत्तीबद्दल मात्र सावध राहा. ती वैयक्तिक वापरासाठी आहे, कॉलेजच्या शिकवणीसाठी तिचा परवाना नाही.

मला मॅडमना वेगळंच विचारायचं होतं. रीडिंग आपोआप येऊ लागल्यावर पोरं काय करतात? माझा अनुभव असा की मोबाइल काढतात. हातानं आलेख काढणारा निदान स्केल तरी ठरवायचा. दुसऱ्या बाजूनं, अमेरिकेत हेदर ब्रासेल यांचा १९८७ चा अभ्यास आहे, शाळेतल्या फिजिक्सच्या मुलांवरचा: हालचाल करतानाच आलेख पडद्यावर उमटला तर मुलांना तो कळला, तोच आलेख थोड्या उशिरानं दाखवला तर फायदा जवळपास उरला नाही. म्हणजे पडद्यात दम आहे. पण तिथं मुलं स्वतः चालत होती. इथं दांडा थंड होतो आणि पोरं बसून असतात.

हिंगणारोडची_मॅडम

सर, मोबाइलचं बरोबर आहे. मी काय करते सांगू? दांडा पाण्यात टाकायच्या आधी प्रत्येकाला कोऱ्या कागदावर पेन्सिलनं कर्व्ह काढायला लावते, ३० सेकंदांनी कुठं असेल त्यावर फुली मारायला लावते, आणि कागद टेबलावर उलटा ठेवायचा. मग टाकायचा दांडा. मोबाइलकडे कोणी पाहत नाही, सगळे आपली फुली वाचवायला पडद्याकडे पाहतात. चार-पाच जण दरवेळी सरळ रेष काढतात. त्यांच्याशीच पुढचा अर्धा तास जातो.

काकाजी, ४० वाचनांची सरासरी आणि फिल्टर दोन्ही केलं. लाट गेली! कर्व्ह असा आला की मी त्याचा फोटो घरी नवऱ्याला पाठवला. (त्यानं अंगठ्याचा इमोजी पाठवला. बँकेत आहे.)

पण आता नवीन लफडं. उकळत्या पाण्यात रीडिंग ९५ येतं. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटर उंच, पाणी ९९ च्या आसपास उकळायला पाहिजे. काचेचा थर्मामीटर ९९ दाखवतो. सकाळी कूलर सुरू व्हायच्या आधी मात्र ९८ येतं.

जुना_सीअँडआय

आता कूलर गुन्हेगार आहे! एलएम-३५ कुठं बसवलाय? आणि थर्मोकपलच्या तारा ज्या टर्मिनलला लावल्या ते कुठं?

हिंगणारोडची_मॅडम

एलएम-३५ बोर्डाच्या कडेला, पाय वर करून उभा. टर्मिनल दुसऱ्या बाजूला, सप्लायच्या रेग्युलेटरजवळ. रेग्युलेटर हात लावला तर चांगला गरम लागतो.

जुना_सीअँडआय

मग सोपं आहे. थर्मोकपल दोन टोकांमधला फरक सांगतं, खरं तापमान नाही. त्यात टर्मिनलचं तापमान मिळवावं लागतं, आणि ते एलएम-३५ नं सांगायचं. पण तुमचा एलएम-३५ कूलरच्या हवेत मजेत उभा, आणि टर्मिनल रेग्युलेटरच्या धगीत. दोघांत ४ अंशांचा फरक पडला की उत्तर ४ अंशांनी कमी. सकाळी हवा नाही, फरक कमी, चूक कमी.

एका केंद्रात असताना एका संचावर एक तापमान सतत ३०-३५ अंश कमी दाखवायचं. दोन आठवडे आम्ही थर्मोकपल बदलत होतो. शेवटी बॉयलरशेजारच्या जंक्शन बॉक्समध्ये सापडलं: केबल कमी पडली म्हणून कोणीतरी पुढे साधी तांब्याची तार जोडली होती. म्हणजे मोजणी तिथंच संपत होती, साठ अंशांच्या डब्यात, आणि हिशोब चालला होता एसी लावलेल्या कंट्रोल रूमच्या पंचवीस अंशांचा. तुम्हीही तपासा, सेन्सरपासून टर्मिनलपर्यंत के टाइपचीच तार आहे ना, मध्ये तांबं नाही ना.

एलएम-३५ टर्मिनलला चिकटवून बांधा, वर ॲल्युमिनियमची पट्टी, आणि दोन्ही मिळून एका लहान स्टीलच्या डब्यात, आत कापूस. रेग्युलेटर डब्याबाहेर. मग बर्फ आणि उकळतं पाणी, दोन्हीकडे रीडिंग घ्या. कूलर सुरू असताना आणि बंद असताना.

हिंगणारोडची_मॅडम

लोणच्याच्या डबीत बसलं. बर्फाला ०.५, उकळत्याला ९८.५, कूलर सुरू असताना. उनोची १० बिटची पायरीच (तो ओळखू शकतो तो सगळ्यात लहान फरक) अर्ध्या अंशाची आहे, याच्यापुढे मी भांडत नाही. डबी धुऊनही हिंगाचा वास येतो, लॅबमध्ये सगळ्यांना भूक लागते.

जर्नलचं असं ठरवलं: लाटेचा ग्राफ आणि नंतरचा ग्राफ, दोन्ही लावायचे, आणि मध्ये अर्धं पान, लाट कुठून आली ते स्वतःच्या शब्दांत. मॅन्युअलमध्ये त्यासाठी रकाना नाही. मागच्या कोऱ्या पानावर लिहितील.

आणि काकाजी, ज्याला तुमचं घड्याळ पटत नव्हतं तो पोरगा आता फिल्टर काढून बसतो. त्याला लाटच पाहिजे. इथं खातं काढायला लावलंय त्याला.

लाटवाला_टीवाय

नमस्कार काकाजी. मीच तो. आज दुपारी तीन-सव्वातीनला लाट ४० सेकंदांची झाली होती. तुमच्या सूत्रानं ४९.९३ येते. बरोबर आहे का?

जुना_सीअँडआय

हिशोब बरोबर. पण तुझं घड्याळ बरोबर आहे हे तुला कोणी सांगितलं? ०.०१ हर्ट्झ म्हणजे ५० मध्ये ०.०२ टक्के. बोर्डाचं घड्याळ त्याच्यापेक्षा जास्त चुकत असेल तर ४९.९३ मधला ३ कशाचा? एक तास बोर्डाला स्वतःचे मिलिसेकंद मोजू दे आणि फोनच्या घड्याळाशी ताडून पाहा. तासाला पाऊण सेकंदाच्या आत असलं पाहिजे. अर्धा टक्का चूक असेल तर १८ सेकंद दिसतील. आणि मोठ्या चिपशेजारी चकचकीत धातूची लांबट डबी (क्रिस्टल, रेझोनेटरपेक्षा नेमकं घड्याळ) आहे का पाहा. यूएसबीजवळची नव्हे, मोठ्या चिपजवळची.

लाटवाला_टीवाय

बर्डीवाल्या बोर्डावर मोठ्या चिपजवळ डबी आहे. तासाला अर्ध्या सेकंदापेक्षा कमी फरक आला. ओरिजिनलवर तिथं डबी नाही, तासाला १७ सेकंद.

जुना_सीअँडआय

मग बर्डीवालाच ठेव. उद्या सकाळी दहाला आणि संध्याकाळी सातला पुन्हा मोज, आणि आकडे इथं टाक.